रिटाच्या पाच डब्या

नंदाखाल,
१३ फेब्रुवारी २००६

क्रिस्टिना,

अक्षर ओळखून पाकीट फाडण्याआधी एवढं वाच, की आय बरी आहे. कुणी गेलेलं नाही. मी फोन केला की जितेश उचलतो आणि तू दर वेळी अंघोळीला गेलेली असतेस. नाशिकरोडला पाणी भरपूर आहे असं दिसतं. मला जे सांगायचंय ते तुझ्या नवऱ्याकडे निरोप म्हणून ठेवण्यासारखं नाही, म्हणून हे पत्र.

काकांचा अँथनी टेम्पो घेऊन तिकडे आला तेव्हा आयने त्याच्याकडून निरोप दिला, की दिवस भरत आले, बाळंतपणाला नंदाखालला ये. मला विचारलं नाही. तू रजिस्टर लग्न करून गेलीस त्याला या मे महिन्यात चार वर्षं होतील. तेवढ्या काळात या घरात तुझं नाव निघालं की कुणीतरी पाणी प्यायला उठायचं. आता आय रोज एकदा तरी सांगते, "माझी क्रिस्टिना येतंय." शेजारच्या एडवर्डमामांना सांगून झालं, चर्चमधून येताना वाटेत भेटेल त्याला सांगून झालं.

क्रिस्टिना, तू येऊ नकोस.

आधी कारणं ऐक. विहिरीवरची मोटार जळलीय. पाणी मचूळ येतंय. मोरीच्या फरश्या उखडल्यात, तिथे भरल्या दिवसांची बाई पाय घसरून पडेल. आयचे गुडघे तर तुला आठवत असतील त्यापेक्षा दुप्पट झालेत, ती बाळाला पायांवर घेऊन अंघोळ कशी घालणार? आणि माझी रिटा आता दोन वर्षांची आहे, एक मिनिट बसत नाही, सगळ्याला हात लावते. व्हिन्सेंट बोटीवर गेल्यापासून मी इथे आयकडेच राहते, हे तुला ठाऊक असेलच. एका घरात दोन लहान मुलं आणि दोन बहिणी म्हणजे काय होतं ते आपल्या दोघींना माहीत आहे.

तिकडेच चांगला दवाखाना बघ. आयला मी पाठवते तुझ्याकडे. गुडघ्यांचं बघू काहीतरी.

मी रागाने लिहीत नाहीये. तसं वाटेल तुला, पण नाही.

फ्लोरा

•

नंदाखाल,
२२ फेब्रुवारी २००६

क्रिस्टिना,

तुझं कार्ड मिळालं. अडीच ओळी. "बाबांच्या मातीची वेळ चुकीची सांगितलीत. आता मोटार जळली. मी येणार." पोस्टमनने वाचलंच असणार, कारण देताना तो माझ्याकडे बघून गालात हसला.

मातीच्या वेळेचा घोळ अँथनीचा होता, हे तुला किती वेळा सांगायचं? तू दफनभूमीत पोचलीस तेव्हा लोक परतत होते, ते वाईटच झालं. पण तो विषय वेगळा आणि हा वेगळा. दोन्हीची गाठ मारू नकोस.

बरं, मोटार दुरुस्त झाली आहे. मी खोटं कशाला बोलू? फरश्याही बसवता येतील. मग खरं कारण सांगते, निदान जेवढं सांगता येतं तेवढं.

गेल्या ऑगस्टपासून मी कामाला लागलेय. मुंबईच्या एका प्रयोगशाळेचा लहान मुलांवर अभ्यास चाललाय, त्यांना गावातली, घराघरांत ओळख असलेली बाई हवी होती. माझं काम म्हणजे पाच वर्षांच्या आतल्या मुलांची शी गोळा करणं. हस, हस. झाकणाला चमचा चिकटवलेली छोटी डबी असते, त्यात आईकडून घ्यायची, नंबर टाकायचा, वहीत वय आणि गाव लिहायचं, थर्मोकोलच्या पेटीत बर्फात ठेवायची आणि संध्याकाळच्या आत गाडीवाल्याकडे द्यायची. कळंब, आगाशी, नंदाखाल अशी माझ्याकडे तीन गावं. स्कूटीला ती पेटी बांधून निघाले की पोरं ओरडतात, "आईस्क्रीमवाली आली." एकदा एकजण खरंच मागायला आला होता.

या अभ्यासाच्या मुख्य डॉक्टर सुमेधा. माझ्याच वयाच्या, बोलताना चष्मा डोक्यावर सरकवतात आणि मग टेबलावर शोधतात. त्या ज्याच्या मागे आहेत तो पॅरेकोव्हायरस. पोटातला विषाणू. मोठ्या मुलांना थोडी सर्दी, दोन दिवस जुलाब, कधी तेही नाही. पण त्याच्या बऱ्याच जाती आहेत आणि त्यातली तीन नंबरची जात तान्ह्यांना वाईट. तीन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर ताप चढतो, तळहात तळपाय लाल होतात, बाळ दूध ओढत नाही आणि रडतं ते थांबतच नाही. मेंदूपर्यंतही जाऊ शकतो. त्यावर औषध नाही, लस नाही.

ती तीन नंबरची जात आपल्याकडे सहा मुलांत सापडली आहे. पाच नमुने कळंब, आगाशी आणि नंदाखाल मिळून. सहावं बाळ आगाशीच्या अश्लेषाचं. माझ्या वर्गातली अश्लेषा, तिच्या लग्नात तू नाचली होतीस. अठरा दिवसांचं होतं तेव्हा. अकरा दिवस दवाखान्यात काढले. आता घरी आलंय, दूध पितंय, पण डोकं नीट धरतं की नाही हे बघायला दर महिन्याला नेतात.

म्हणून म्हणते, इकडे येऊ नकोस. आता कळलं ना?

फ्लोरा

•

नंदाखाल,
१ मार्च २००६, राखेचा बुधवार

क्रिस्टिना,

कपाळावरची राख अजून पुसलेली नाही आणि पहिलं काम म्हणून तुला लिहायला बसलेय. मधे दोनदा उठले. एकदा रिटाचे हात धुवायला, एकदा माझे.

या वेळी तुझं पत्र चांगलं पानभर आलं म्हणून आधी आनंद झाला. मग वाचलं. जितेशने ओळखीच्या डॉक्टरांना विचारलं म्हणतेस. ते म्हणाले, तीन वेगवेगळ्या गावांत एकाच वेळी सापडतो म्हणजे तो सगळीकडेच असणार, नाशिकमध्येही असणार, कुणी बघितलं नाही एवढंच. मग आईकडे काय आणि इथे काय, सारखंच. उलट माहेरी बाळंतिणीला आराम तरी मिळेल. म्हणून तू वीस तारखेला निघणार.

डॉक्टर बरोबर बोलले. त्यांच्यापुढे जे ठेवलं त्यावरून कुणीही हेच म्हणेल. मी तुझ्या जागी असते तर मीही पिशवी भरली असती.

सोमवारी सुमेधा मॅडम आपल्या घरी आल्या होत्या. आयने त्यांना उकडलेली रताळी दिली. त्यांनी वसईचा मोठा नकाशा आणलाय, त्यावर सहा टाचण्या आणि टाचणीपासून टाचणीपर्यंत लाल लोकर. मला म्हणाल्या, "फ्लोरा, हा विषाणू एका मुलातून दुसऱ्यात जाताना बदलत जातो. त्याचा जीन म्हणजे हजारो अक्षरांचा मजकूर समज. प्रत्येक पोटात त्याची नक्कल होते आणि नक्कल करताना दोन-चार अक्षरं चुकतात. त्या चुकांवरून कुणाचा कुणाकडून आला हे आपण ओळखतो. पण तुझ्या या पाच नमुन्यांत एकही चूक नाही. तंतोतंत तोच मजकूर. असं मी कधी बघितलं नाही. ही मुलं कुठे एकत्र आली होती का? एखादं लग्न, एखादी जत्रा?"

मी म्हटलं, नाताळात बरेच लोक इकडून तिकडे जातात. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली. जूनमध्ये परदेशी सभा आहे, तिथे त्या हा नकाशा दाखवणार. इतक्या खुश होत्या की आयच्या हातची आणखी दोन रताळी खाल्ली.

क्रिस्टिना, नाशिक आणि नंदाखाल सारखं नाही. आपल्या घरात धोका जास्त आहे. का ते विचारू नकोस, ऐक फक्त. आयला मी अजून काही बोलले नाही. कालच तिने तुझ्यासाठी हळद, सुंठ, खारीक आणली, गुडघे धरत स्वतः आगाशीच्या बाजारात गेली होती. "आली तं येऊ दे, माझी पोर हाय," म्हणाली, मी नुसता तुझा विषय काढला तर. माझा चेहरा काय झाला होता कोण जाणे.

नको येऊस. हात जोडते.

फ्लोरा

•

नंदाखाल,
६ मार्च २००६

क्रिस्टिना,

तुझा फोन आला तेव्हा मी घरी नव्हते, आयने घेतला. तू तिला विचारलंस, "फ्लोराला मी नकोय का घरात?" आय तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते आणि पाठ फिरवते. तिला वाटतं, मला घर एकटीला हवंय.

आता सगळं लिहिते. शेवटपर्यंत वाच आणि मग काय ते ठरव.

अभ्यासाला एक वर्षाच्या आतली तीस मुलं हवी होती, जानेवारीअखेरपर्यंत. पंचवीस मिळाली. पुढे गाडी अडली, कारण आपल्याकडच्या बायका. तुलाही आठवत असेल, वर्षाच्या आतल्या लेकराचं काही घराबाहेर जाऊ द्यायचं नाही. नख कापलं तर पुरायचं, केस पडला तर उचलायचा, झबलं उन्हं उतरायच्या आत काढायचं. कुणाच्या हाती लागलं तर बाळावर काही करतील ही भीती. यात हिंदू-ख्रिस्ती असा भेदच नाही, आय स्वतः रिटाची नखं केळीच्या बुंध्याशी पुरत होती. कळंबच्या कृष्णाच्या आईने तर मला दारातच सांगितलं, "बाय, वरसाच्या आतल्या पोराचा काय पन बाहेर जानार नाय. नख नाय, केस नाय. आनि तू तं हे मागतंस." मी चारदा गेले. चौथ्यांदा तिने चहा दिला आणि म्हणाली, "तुजी पोर हाय ना घरात? तिचाच ने. कोनाला कलनार हाय?"

मी हसले. घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी रिटा भांड्यावर बसली होती आणि माझ्या हातात रिकामी डबी होती.

एकदा केलं की दुसऱ्यांदा सोपं जातं. आगाशीच्या दोन आया, आपल्या गावातल्या दोन. पाच घरं, पाच डब्या, वहीत पाच महिने, सात महिने, अकरा महिने अशी वयं माझ्याच अक्षरात. सगळ्या डब्या रिटाच्या. आपण कुणाचं काय बिघडवतोय, असंच वाटत होतं. आपल्या पोरीची शी. निरोगी पोर, तिला काय असणार.

तिला होता. नाताळाच्या आसपास तिला तीन दिवस पातळ झालं होतं आणि नाक गळत होतं, मी लक्ष दिलं नाही. हा विषाणू मूल बरं झाल्यावरही पोटातून कित्येक आठवडे बाहेर पडत राहतो, हे मला मॅडमनी नंतर सांगितलं. म्हणून ते पाच मजकूर तंतोतंत जुळतात. तो गावोगाव फिरलाच नाही. तो आपल्या मोरीत बसलेला होता आणि मी त्याला पाच वेळा पेटीत घालून पाठवला.

पाच खोटे. सहावा खरा आहे. अश्लेषाच्या बाळाचा नमुना मी दवाखान्यात जाऊन स्वतः घेतला होता. आणि त्याच्या चार दिवस आधी मी तिच्या घरी बाळ बघायला गेले होते, रिटाला घेऊन. अश्लेषाने रिटाला मांडीवर बसवलं. रिटाने बाळाची मूठ धरली आणि तोंडाला लावली, बाळाने लगेच चोखायला सुरुवात केली. आम्ही दोघी किती हसलो होतो. अश्लेषा अजून ते सांगते, "तुझ्या रिटाने पहिली पापी घेतली." तिला काही माहीत नाही.

आता तुला कळेल, तुझ्या डॉक्टरांचा अंदाज का चुकला. माझ्या खोट्यामुळे तो विषाणू सगळीकडे आहे असं दिसतं. खरं बोलले तर तो एकाच घरात आहे, आणि तू वीस तारखेला त्याच घरात येतेयस. महिनाभर तुला मोटारी आणि फरश्या सांगत बसले, कारण खरं सांगितलं तर नोकरी जाणार आणि तोंड दाखवायला जागा राहणार नाही. खाई त्याला खवखवे. सुमेधा मॅडम चष्मा डोक्यावर घेऊन माझ्याकडे बघतात तेव्हा मी पेटीतला बर्फ आवरायला लागते.

आणि हेही लिहूनच टाकते. बाबांच्या मातीच्या वेळेचा घोळ अँथनीचा नव्हता. माती तीनला होती. तुला चार मी सांगितलं, मुद्दाम. काका लोक म्हणत होते, ती जितेशला घेऊन आली तर बघतो. बाबांच्या पेटीसमोर भांडण नको, असं मला वाटलं. मग तू गेटमधून धावत आलीस आणि लोक बाहेर पडत होते. तुझी एक चप्पल हातात होती. मी एडवर्डमामांच्या मागे सरकले, म्हणजे तुझी नजर माझ्यावर पडू नये. तीन वर्षं अँथनीच्या नावावर खपवलं आणि त्या भल्या माणसाने एकदाही तोंड उघडलं नाही.

त्या वेळी तुला दूर ठेवायला खोटं बोलले. आता तुला दूर ठेवायला खरं बोलतेय, आणि तू का विश्वास ठेवावास हे मलाच समजत नाही. तरी ठेव. माझ्यावर नको ठेवूस. अश्लेषाच्या बाळावर ठेव.

उद्या सकाळी मॅडमना सांगायला जातेय. हे पत्र आधी पेटीत टाकते, नाहीतर उद्या पाय मागे येतील.

फ्लोरा

•

अर्नाळा,
१७ मार्च २००६

क्रिस्टिना,

वरचा पत्ता बघून चक्रावू नकोस. मी रिटाला घेऊन सासूकडे आलेय.

माझ्या पत्राला तुझं उत्तर नाही. नऊ दिवस पोस्टमनची वाट बघितली, तो आता माझ्याकडे बघून हसत नाही. चार दिवसांपूर्वी मात्र आय आपणहून बोलली, "क्रिस्टिनाचा फोन आला. येतंय ती." एवढंच. माझं पत्र मिळालं की नाही, वाचलंस की चुलीत घातलंस, मला कळायला मार्ग नाही. मिळालं असेल आणि तरी येत असशील, तर तुला आयकडेच यायचंय, आणि त्याला मी कोण नाही म्हणणार. मग घरातून निघायचं ते मी आणि रिटा, हे मला इतके दिवस सुचलं कसं नाही? मी आपली तुलाच येऊ नकोस, येऊ नकोस म्हणत बसले.

तीन दिवस घर धुतलं. मोरी, संडास, दारांच्या कड्या, नळ, रिटाने जिथे जिथे हात लावला असेल ते सगळं ब्लीचिंग पावडरने. तिची भांडी, दुपटी, खेळणी बरोबर आणली. हातांची सालं निघालीत. आयला वाटतं तू येतेस म्हणून मी रुसून चालले. दारात उभी राहून म्हणाली, "बईन येतं तं तू जातंस. बरा हाय." मी रिटाला उचललं आणि निघाले. खरं सांगितलं तर ती रिटाकडे कशी बघेल, त्याची मला भीती वाटते. नात आहे तिची, वाईट बघणार नाही, पण तरीही.

सासूने दारातच स्वागत केलं, "नवरा बोटीवर आनि सून माहेराला. मी काय भिंतीशी बोलू?" दोन वर्षांपूर्वी भांडून निघाले होते, तेव्हा हे ऐकून घेणं भाग आहे. तिला मी सगळं सांगितलं, का कोण जाणे. ती ओटीवर बोंबील निवडत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "साबन ठेवलाय मोरीत. नवा हाय." मग पुढचा बोंबील उचलला.

मॅडमचं सांगायचं राहिलं. मी सात तारखेला गेले, उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. भिंतीवरच्या नकाशातून एक एक टाचणी काढायला लागल्या. पाच काढल्या, लोकर खाली लोंबत राहिली. म्हणाल्या, "तू मला खोटं गाव बांधून दिलंस, फ्लोरा. आणि मी त्यात राहायला गेले." मग विचारलं, बाकीच्या नमुन्यांत असं काही केलं आहेस का? मी नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, आता तुझ्या नाहीवर मी कशी जाऊ. तीन गावांतले सगळे नमुने बाद केले. नोकरी गेली, ते तर जाणारच होतं. निघताना त्यांनी मला मागे बोलावलं आणि चार रिकाम्या डब्या हातात दिल्या. "रिटाचा नमुना दर आठवड्याला आणायचा. तुझाही. पगार नाही, आणि बर्फाचं तुझं तू बघ." त्यांच्या आवाजात माया वगैरे नव्हती. पण त्या माझ्या मुलीचं बघतायत.

अश्लेषाकडेही जाऊन आले. ते इथे लिहीत नाही. तिने दार लावून घेतलं आणि तिच्या जागी मीही लावलं असतं.

तू ये. आयने सुंठीचे लाडू केलेत. बाळाला तीन महिने होईपर्यंत मी नंदाखालला पाऊल टाकणार नाही. तुझं दिवसभर काय चाललं असेल याचा विचार करायचा नाही असं रोज ठरवते आणि रोज तेच करत बसते. बाळ आलं की फक्त कळवायला सांग. अँथनीकडून, जितेशकडून, कुणाकडूनही.

फ्लोरा

•

दवाखाना, पहिला मजला,
मुलांच्या वॉर्डबाहेरचं बाकडं,
२६ एप्रिल २००६, दुपार

क्रिस्टिना,

ही चिठ्ठी सिस्टरकडून आत पाठवतेय. मी दाराच्या या बाजूला आहे, तुझ्यापासून वीस पावलांवर. उठून बाहेर येऊ नकोस, आधी वाच.

ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी जितेशने मला फोन केला, की नऊ दिवसांच्या बाळाला ताप आहे, दूध घेत नाही, दाखल केलंय. तुला विचारून केला की न विचारता, ते मी विचारलं नाही. माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, तळहात लाल आहेत का? तो म्हणाला, बघतो. तो बघून परत फोनवर येईपर्यंत मी उभीच होते आणि सासूने माझा दंड धरून ठेवला होता. लाल नाहीत म्हणाला. तरी मला खरं वाटेना. मी घर धुतलं होतं, पण एखादी कडी राहिली असेल, एखादं दुपटं राहिलं असेल. गेल्या नऊ दिवसांत मी आयचं ते घर मनातल्या मनात किती वेळा पुन्हा धुतलं त्याला गणती नाही.

जितेशने हेही सांगितलं, की आय नको नको म्हणत असताना तू स्वतः बाळाची डबी भरलीस आणि सुमेधा मॅडमकडे पाठवलीस. म्हणजे माझं पत्र तू वाचलं होतंस. मला ते तेव्हाच कळलं.

आज सकाळी मॅडमचा फोन आला. बाळाच्या नमुन्यात पॅरेकोव्हायरसच आहे. पण तो आपला नाही. रिटाचा तीन नंबरचा, आणि बाळाचा एक नंबरचा, जो बहुतेक मुलांना पहिल्या दोन वर्षांत कधीतरी होऊन जातो. मॅडम म्हणाल्या, दोघांचा मजकूर शेजारी ठेवला तर लांबचे नातेवाईकसुद्धा वाटायचे नाहीत. कुठून आला ते सांगता येणार नाही. दवाखान्यातून, बघायला आलेल्या एखाद्या पाहुण्याकडून, कुठूनही. तुमच्या तिकडच्या डॉक्टरांचं एवढं खरं निघालं, तो सगळीकडे असतो. बाळ यातून बरं होईल असं इथल्या डॉक्टरांनीही त्यांना सांगितलंय. आणि रिटाचे शेवटचे दोन नमुने स्वच्छ आले, माझे सगळेच स्वच्छ आहेत.

हे ऐकून मी काय केलं ते सांगते, कारण आता तुझ्यापासून काही ठेवायचं नाही असं ठरवलंय. मी फोन ठेवला आणि मोठ्याने हसले. आमचा नाही, आमच्या घरचा नाही. अंगावरून कुणी धोंडा उचलल्यासारखं झालं. मग लक्षात आलं, तुझ्या लेकराच्या हातात सुई आहे आणि त्याची मावशी हसतेय. त्याला कुणाचा ताप चढला याने त्याला काय फरक पडतो? लाज वाटली. अजून वाटतेय.

मी तीन महिने येणार नाही म्हटलं होतं आणि आलेय. रिटा सासूकडे आहे. मी अंघोळ करून, धुतलेले कपडे घालून आलेय, इथे येऊन पुन्हा कोपरापर्यंत हात धुतलेत. सिस्टरला विचारलं, ती म्हणाली आई हो म्हणाली तर आत सोडते.

जितेश म्हणाला, बाळ दाखल झाल्यापासून तू नीट पाठ टेकलेली नाहीस, बाळ कुणाच्या हातात देत नाहीस, आयच्यासुद्धा नाही. आयच्या गुडघ्यांनी तिला तासभर बसवतही नसेल. मला क्षमा वगैरे करायची गरज नाही, त्याला वेळ आहे आणि कदाचित नसेलही. पण तू झोपली पाहिजेस.

एक तास बाळ माझ्याकडे दे. नाही म्हणायचं असेल तर चिठ्ठी सिस्टरबरोबर परत पाठव, मी रागावणार नाही, इथेच बसून राहीन.

फ्लोरा